लिंबू-सोडा, कडुनिंब आणि पिंपल्स: त्या फॉरवर्डला उत्तर

दहावी-बारावीतल्या मुलांच्या आयांमध्ये एक मजकूर फिरतोय: "पिंपल्स म्हणजे रक्तातली घाण. क्रीम लावू नका. लिंबात खायचा सोडा कालवून चेहऱ्याला लावा, रोज कडुनिंबाचा रस प्या, तेलकट आणि आंबा बंद. सात दिवसांत चेहरा साफ."

रक्ताचं आधी. रक्त साफ ठेवायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. ती बिघडली तर माणूस आजारी पडतो, गालावर चार फोड येऊन भागत नाही. मुरूम धरतो तो केसाच्या मुळाशी. वयात येताना हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचं काळं टोकसुद्धा मळ नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही.

सगळ्यात घातक सल्ला लिंबू-सोड्याचा. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, 7 च्या खाली आम्ल) साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते 3, सोड्याच्या पाण्याचा 8च्या वर. दोन्ही एकत्र केल्यावर जे फसफसतं तो नुसता कार्बन डायऑक्साइड, "घाण निघतेय" वगैरे काही नाही. प्रमाण कोणी मोजत नाही, म्हणजे चेहऱ्यावर आम्ल उरलंय की सोडा हेही नशिबावर. त्यात लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी होऊ शकते. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर अशा जळजळीचे काळे डाग महिनोन्महिने राहतात. पिंपल परवडला!

कडुनिंब जिवाणू मारतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण पाडव्याला चार पानं गूळ-डाळीबरोबर चावणं वेगळं आणि रोज पेलाभर रस पिणं वेगळं. गरोदरपणात तर तो नकोच. वनस्पतींपैकी बरा पुरावा आहे तो टी ट्री तेलाचा (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल). 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी फरक पडला. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण दुष्परिणाम कमी झाले. जोर 5 टक्क्यांवर आहे. बाटलीतलं तेल तसंच थापलं तर पुरळ उठू शकतं.

आहाराचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही, फक्त आरोपी चुकीचा पकडलाय. तेलापेक्षा संशय जास्त आहे तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांवर. मेलबर्नला 2007मध्ये 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवडे प्रयोग झाला. असे पदार्थ कमी केलेल्या गटात मुरूम जास्त घटले. (त्यांचं वजनही उतरलं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं हे सांगणं अवघड.) आपल्याकडे ही यादी म्हणजे कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैद्याचा पाव आणि हो, उपासाची साबुदाणा खिचडीसुद्धा. व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर) घेणाऱ्या जिमवाल्या मुलांनी ते काही आठवडे थांबवून बघावं. आंबा बेतात खा.

उरले सात दिवस. डॉक्टरांच्या औषधालाही आठ ते बारा आठवडे लागतात. गाठी, खड्डे किंवा सोबत पाळी अनियमित असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि क्रीमची भीती एका ठिकाणी रास्त आहे: मेडिकलमधून विनाचिठ्ठी आणलेल्या ज्या ट्यूबने चार दिवसांत चेहरा उजळतो, तिच्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. ती स्टेरॉइडं आहेत.