‘दिलाचा जिक्र करा, बीपीची गोळी सोडा’ या फॉरवर्डला उत्तर

माझ्या आत्यानं बीपीची गोळी परस्पर अर्धी केली. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात सांगितलं नाही. कारण काय तर व्हॉट्सअपवरचा एक मेसेज. आत्या सिडकोत राहते, गुरुवारी जुन्या नाशकात बडी दर्ग्याला जाते, कव्वाली ऐकते, म्हणून कुणीतरी ‘तुमच्या आवडीचा विषय’ म्हणून पाठवला. आता तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलाय, म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: हृदय विचार करतं हे सूफींना हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं, आता सायन्सनं हृदयात ४०,००० न्यूरॉन शोधून ते सिद्ध केलं. छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवून रोज सात मिनिटं ‘अल्लाह हू’ म्हणा (सूफी याला जिक्र म्हणतात, म्हणजे देवाचं नामस्मरण), ब्लॉकेज उघडतात, एकवीस दिवसांत बीपीच्या गोळ्या सुटतात. गुरू नको, नियम नकोत, फक्त दिलाचं ऐका. आणि हे सगळं म्हणजे आपल्या योगातलंच हृदयाचं अनाहत चक्र.

आधी गोळीचं, कारण यात माणूस जाऊ शकतो. बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ याला काही अर्थ नाही, मशीन लावूनच कळतं. काही गोळ्या अचानक बंद केल्या की बीपी उसळून वर जातं. आणि ब्लॉकेज म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर, तो नामस्मरणानं विरघळत नाही, कुठल्याच धर्माच्या. शांत बसून सावकाश श्वास घेतला की बीपी थोडं उतरतं, हे खरंय, मान्य करतो. पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

आता ज्या सूफींच्या नावावर हे खपवलंय ते स्वतः काय म्हणतात ते बघा. इमाम गझाली, इस्लामचे मोठे पंडित आणि सूफी, जन्म १०५८, मृत्यू ११११, म्हणजे मेसेजवाल्याचे ‘हजार वर्षांपूर्वीचे सूफी’ म्हणजे जवळजवळ हेच. त्यांच्या ‘इह्या उलूम अद-दीन’ या ग्रंथात ‘कल्ब’वर, म्हणजे हृदयावर, एक आख्खा भाग आहे आणि तो सुरूच इथून होतो की दोन गोष्टींची गल्लत करू नका. एक म्हणजे छातीत डावीकडे असलेला, चिलगोज्याच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, बोंडासारखा मांसाचा गोळा. तो जनावरांनाही असतो, मेलेल्या माणसातही असतो, त्याचं काय ते वैद्य बघतील, आपला तो विषय नाही. दुसरं म्हणजे ते सूक्ष्म तत्त्व जे माणसाला माणूस करतं, ज्याला ईश्वराची ओळख होते, ज्याला जाब विचारला जातो. या दुसऱ्याचा त्या मांसाच्या गोळ्याशी काहीतरी संबंध आहे एवढं ते मानतात, पण त्या संबंधाचा उलगडा करायच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे मेसेजनं जी गल्लत केलीय तीच गझालींनी पहिल्या पानांत बाजूला काढली होती! आणि त्याच ग्रंथात तवक्कुलच्या, म्हणजे देवावर भरवसा ठेवण्याच्या भागात ते सांगतात की औषध घेतल्यानं भरवसा मोडत नाही. आत्याला मी हेच वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे यायला तयार झाली.

न्यूरॉनचं अर्धं खरंय. हृदयाचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ४०,००० हा आकडा अंदाज म्हणून दिला जातो. पण ते जाळं ठोक्यांची गती, आकुंचन असलं काम सांभाळतं. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत. शिवाय १९६७ पासून माणसांची हृदयं बदलली जातायत, दुसऱ्याचं हृदय बसवलं म्हणून कुणाची श्रद्धा बदलते असं काही सिद्ध झालेलं नाही. गझालींना सायन्सच्या सर्टिफिकेटची गरजच नाही, ते वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतायत.

अनाहतचं फार ताणत नाही. नक्शबंदी या सूफी परंपरेत कल्बची जागा डाव्या स्तनाखाली दोन बोटं सांगतात, अनाहत छातीच्या मध्यावर. तरी श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनी मराठीत योगाचीच परिभाषा वापरली, त्यामुळे हे दोन प्रवाह कधी भेटलेच नाहीत असंही कुणी म्हणू नये. पण भेटणं वेगळं आणि एकच असणं वेगळं.

‘गुरू नको, दिलाचं ऐका’ याची मला खरी चीड येते. नक्शबंदी मनातल्या मनात जिक्र करतात, चिश्ती या दुसऱ्या सूफी परंपरेत मोठ्यानंही करतात, पण दोन्हीकडे तो पीराच्या, म्हणजे गुरूच्या, देखरेखीखाली, कारण दिलात येणारं सगळं ईश्वराकडूनच येतं असं ते मानत नाहीत. त्यात वासना येते, अहंकार येतो, मत्सर येतो. म्हणून दिलाचं नुसतं ऐकायचं नसतं, त्याच्यावर पहारा ठेवायचा असतो. रोज स्वतःचा हिशेब घ्यायचा, त्याला मुहासबा म्हणतात. कुणाचे पैसे दाबले असतील तर ते परत केल्याशिवाय तौबा, म्हणजे पश्चात्ताप, पुरी होत नाही. अख्ख्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही, रागाबद्दल नाही, लोभाबद्दल नाही. कल्बची साधना म्हणजे मुख्यतः हेच, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

तुम्ही हा मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर जाऊन लिहा: जिक्र हवा तेवढा करा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. नुसता डिलीट करू नका, ज्यांनी वाचलाय त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं.