'डाय हार्ट फॅन' असं काही नसतं

एखाद्या नटाचा किंवा क्रिकेटपटूचा वाढदिवस असला की खाली कमेंट ठरलेली: 'सर, मी तुमचा डाय हार्ट फॅन.' आता तर चौकातल्या फ्लेक्सवरही 'भाऊंचे डाय हार्ट समर्थक' दिसायला लागलेत. हृदयाचा इथे काडीचाही संबंध नाही. शब्द आहे डाय-हार्ड. स्पेलिंगच्या शेवटी डी, टी नाही.

घोटाळा कानामुळे होतो. इंग्रजीत 'हार्ड' आणि 'हार्ट' यांतला स्वर एकच. फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा, आणि पुढे लगेच 'फॅन'मधला फ आला की तो ड बोलताना जवळजवळ गिळला जातो. मग राहिलेली जागा आपण अर्थाने भरतो: मरेपर्यंत, मनापासून, म्हणजे हार्टच असणार! तर्क इतका गोड आहे की शंका घ्यावीशीच वाटत नाही.

इथलं 'हार्ड' हे क्रियाविशेषण आहे, 'वर्क हार्ड'मधल्यासारखं. 'टू डाय हार्ड' म्हणजे सहजी न मरणं, झुंजत मरणं. 18व्या शतकातल्या लंडनमध्ये फासावर जाणाऱ्या गुन्हेगारांबद्दल हे बोललं जाई. वर चढतानाही जो डगमगला नाही, ज्याने पश्चात्तापाचं सोंग केलं नाही, तो 'डाइड हार्ड'. 'ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड' याचं व्याकरणही तेच. (आपली जित्याची खोडसुद्धा मेल्याशिवाय जात नाहीच. सवयींच्या बाबतीत दोन्ही भाषांना मरणच आठवावं, ही गंमत आहे.)

शब्दाला अब्रू मिळाली ती स्पेनमध्ये. 16 मे 1811 रोजी अल्बुएरा गावाजवळ नेपोलियनच्या फौजेशी लढाई झाली. ब्रिटिशांची 57वी पलटण अगदी जवळून चाललेल्या गोळीबारात उभी होती. कर्नल विल्यम इंग्लिस तोफेच्या छऱ्याने जखमी झाला, पण मागे न्यायला त्याने नकार दिला आणि निशाणाजवळच पडून तो ओरडत राहिला, 'डाय हार्ड, 57वी, डाय हार्ड!' निदान पलटणीच्या परंपरेत तरी असंच सांगतात. साधारण 570 शिपायांपैकी 420 च्या वर मेले किंवा जखमी झाले. पलटणीला 'डाय-हार्ड्स' हे नाव चिकटलं आणि 1881 मध्ये ती मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये विलीन झाल्यावरही ते टिकलं.

पण पुढे राजकारणात या शब्दाचा रंग बदलला. 1911 मध्ये ब्रिटिश संसदेतल्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाचा नकाराधिकार काढून घेणारा कायदा आला, तेव्हा शेवटपर्यंत अडून बसलेल्या उमरावांना 'डाय-हार्ड्स' म्हणू लागले. 10 ऑगस्टला 131 विरुद्ध 114 मतांनी ते हरले. 1930 च्या दशकात हिंदुस्थानला थोडीफार स्वायत्तता द्यायलाही विरोध करणाऱ्या चर्चिल आणि मंडळींना हेच विशेषण लागलं. तिथे कौतुक अजिबात नव्हतं. काळ पुढे गेला तरी जागचा न हलणारा हटवादी, हा अर्थ तेव्हापासून शब्दात मुरलेला आहे आणि आजही जात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डाय-हार्ड ही साध्या निष्ठेची पदवी नव्हे. ज्याची निष्ठा पडत्या काळात तपासली गेली, बाकीचे पांगले तरी जो उरला, त्यालाच हा शब्द शोभतो. ट्रॉफी जिंकल्यावर आठवड्याभरात तयार झालेला चाहता डाय-हार्ड कसला? अशांसाठी इंग्रजीत 'फेअर-वेदर फॅन' आहे, तो वापरा.

वापरताना नेहमी घसरतं ते असं. 'ही इज व्हेरी डाय-हार्ड' म्हणू नये. हे विशेषण नामाच्या आधी बसतं: डाय-हार्ड फॅन, डाय-हार्ड सपोर्टर. नाम म्हणून 'अ डायहार्ड' चालतं, अनेकवचनी 'डायहार्ड्स'. जोडरेघ द्या किंवा एकच शब्द करा, पण 'डाय' आणि 'हार्ड' सुटे लिहिले की ते क्रियापद होतं. नोकरीच्या अर्जात 'आय अ‍ॅम अ डाय-हार्ड एम्प्लॉयी' तर कृपा करून लिहू नका. वाचणाऱ्याला त्यात निष्ठेपेक्षा हट्टच जास्त दिसेल. तिथे 'कमिटेड' पुरे, आणि त्यापुढे 'टू' येतो.

गंभीर लिखाणात अढळ निष्ठेसाठी हवा असतो तो बहुतेक वेळा 'स्टाँच'. मुळात हा जहाजांचा शब्द, जुन्या फ्रेंचमधून आलेला: पाणी आत झिरपू न देणारं ते स्टाँच. माणसांच्या निष्ठेला तो नंतर लागला. याची सोय अशी की तो आपल्या 'कट्टर'सारखा दोन्हीकडे चालतो: स्टाँच सपोर्टर आणि स्टाँच क्रिटिक, जसा कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक. फक्त 'स्टाँच टू द पार्टी' म्हणू नका. 'अ स्टाँच सपोर्टर ऑफ द पार्टी' म्हणा. 'टू' हवाच असेल तर 'लॉयल टू' आहे. आणि 'स्टाँच द ब्लीडिंग' असं कुठे वाचलंत तर गोंधळू नका. ते क्रियापद आहे, वाहतं रक्त थांबवणं. अमेरिकन लोक या क्रियापदातला यू बहुधा गाळतात.

बाकी मराठीतच लिहायचं असेल तर 'हाडाचा कार्यकर्ता' म्हणा की. त्यात स्पेलिंगची भानगड नाही.