खुलासा : हात मागे घेतल्याने आवेग कमी होत नाही

नववीच्या नोट्स म्हणून एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरतंय : 'क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो, त्यामुळे चेंडूचा आवेग कमी होतो आणि हाताला लागत नाही.' हाताला कमी लागतं, हे खरं. कारण मात्र चुकलंय.

आवेग म्हणजे संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी ९० किमीने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने आला, तर त्याचा संवेग ४ किग्रॅ-मी/से. तो हातात थांबला की शून्य. हात ताठ ठेवा नाहीतर मागे न्या, बदल ४ चाच. कमी होतं ते बल, कारण थांबायला वेळ जास्त मिळतो. ०.०१ सेकंदात थांबवलं तर सरासरी बल ४०० न्यूटन, ०.०४ सेकंदात थांबवलं तर १००. चाळीस किलोच्या पोत्याऐवजी दहा किलोचं पोतं पेलल्यासारखं!

(अनेक गाईडांत इथे ०.१ सेकंद धरतात. एकसारखा वेग कमी होत गेला तर तेवढ्या वेळात हात सव्वा मीटर मागे न्यावे लागतील. करून बघा.)

आवेग खरोखर बदलतो तो झेल सुटून चेंडू उलट उसळला तर, आणि तेव्हा तो वाढतो. सेकंदाला ५ मीटरने परत गेला, तर ४ ऐवजी ४.८.

त्याच नोट्समध्ये एअरबॅगच्या चित्राखाली 'आवेग शोषते' असं लिहिलंय, तिथेही हीच चूक आहे.