‘गरिबांना मतदान शिकवून काय उपयोग?’ या मेसेजला उत्तर

निवडणूक आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘गरिबांना मतदानाचे धडे देणं म्हणजे पैसा पाण्यात. त्यांना मताचं काही पडलेलं नसतं, पाचशेच्या नोटेला विकतात. कर भरणाऱ्यांनाच मताधिकार द्या.’

पडलेलं नसतं? २०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत ५०च्या आसपास. कोणाला पडलेलं नव्हतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

रायगडच्या कातकरीवाड्यांत वानवा उत्साहाची नसते, माणसांची असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. २०२४ला इथलं मतदान होतं ७ मेला, ऐन हंगामात. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी मिळते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब तसं सांगतं. पण भट्टीवर हे सांगणार कोण, मालक? (सुट्टी नाकारली तर त्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. म्हणजे मेसेजमधली तीच नोट.)

आता नोटेचं. पैसे वाटले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. पण नोट चालते ती ‘कुणाला दिलंस ते आम्हाला कळतं’ या धाकावर. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं नाव नसतं. नमुना यंत्रावर हे स्वतः करून पाहिलं की धाकातली बरीच हवा जाते. सगळी नाही जात. केंद्रनिहाय आकडे बाहेर येतात, तेव्हा ‘तुमच्या वाडीने दगा दिला’ असं पुढारी म्हणू शकतोच. वाडीतल्या कोणी, ते मात्र त्याला कळत नाही.

कराचं म्हणाल तर मोबाइल रिचार्जवरचा १८ टक्के जीएसटी भट्टीवरचा मजूरही भरतो. आणि मालमत्ता, कर बघून मत देण्याची पद्धत इंग्रजांच्या काळातली. मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागत होते.

एक मात्र खरं, शिकवण्याच्या नावाखाली चालतं त्यातलं बरंचसं फुकट जातं. तालुक्याला शाळेच्या पोरांची प्रभातफेरी, रांगोळी, शपथ, फोटो. वाडीला हवी असते ती माहिती वेगळीच: यादीत नाव आहे का, नसेल तर नमुना ६ कुठे भरायचा. मतदार कार्ड हरवलं तर रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटोवालं पासबुक चालतं. मतदान संपायच्या वेळेला रांगेत असाल तर हाकलता येत नाही. हे सांगायला जायचं ते नवरात्रात, संध्याकाळी, माणसं वाडीवर असताना.