माझ्याच घरात माझ्या सर्व्हरला नावाने हाक मारता येत नाही

डोकं फिरलंय माझं. सलग तिसरा रविवार एकाच कामात गेला. घरातल्या सर्व्हरला नाव द्यायचं आणि त्या नावाने तो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर उघडायचा. एवढंच! बाहेरच्या जगाला तो दिसायलासुद्धा नकोय मला.

टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय आहे, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर. तोच माझा सर्व्हर. त्यावर अपाचे, म्हणजे साइट्स दाखवणारं सॉफ्टवेअर. दोन साइट्स. एकीवर आजोबांच्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो, दुसरीवर आईच्या वहीतल्या पाककृती. वहीची पानं तेलाने पार पारदर्शक झालीत, म्हणून मी बसून सगळ्या टाइप केल्या. पायला 192.168.1.200 हा कायमचा पत्ता दिला, तो भाग मिटला.

पण नुसत्या आकड्याने भागत नाही. अपाचे ब्राउझरने कुठलं नाव मागितलं ते बघून साइट ठरवतो. आकडा टाकला की यादीतली पहिली साइट समोर, म्हणजे दर वेळी फोटोच. आई भाजणीचं प्रमाण बघायला जाते आणि पुढ्यात आजोबांची मुंज! कोणी म्हणेल पोर्ट, म्हणजे पत्त्यापुढे लावायचा क्रमांक, वेगळा दे. म्हणजे 200 च्या पुढे आणखी 8080 आईला पाठ करायला लावू? तिच्याकडून आत्ताच एखादा टिंब राहतो आणि ब्राउझर तो आकडा गूगलवर शोधत बसतो.

लॅपटॉपवर होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर त्या यादीत, दोन ओळी घातल्या, दोन मिनिटांत दोन्ही साइट्स सुरू. फोनवर ती फाइल रूट केल्याशिवाय, म्हणजे फोनची कुलपं तोडल्याशिवाय, हाताला लागत नाही. नावाला डॉट लोकल अशी शेपटी लावून पाहिलं. माझ्या लॅपटॉपला कळतं, आईच्या जुन्या अँड्रॉइडला कळतच नाही. शेपटी कुठली लावायची हाही एक वैतागच. पूर्वी घरात डॉट डेव्ह वापरायचे, तर डिसेंबर 2017 मध्ये क्रोम 63 ने त्या सगळ्या नावांवर एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सक्ती केली आणि चालती साइट बंद पडली. घरासाठी म्हणून अधिकृत नाव राखून ठेवलं गेलं 2018 मध्ये, आणि ते काय, तर होम डॉट आर्पा. आर्पा! हे आईला कसं समजावू? तरी तेच घेतलं.

मग पायवर डीएनएसमास्क टाकलं. म्हणजे घरातलंच डीएनएस, नाव विचारलं की पत्ता सांगणारं. फोटोंचं नाव, वहीचं नाव, दोन्ही एकाच पत्त्यावर. पाय बरोबर उत्तर देतोय, मी तपासलं. आता राउटरने घरातल्या उपकरणांना एवढंच सांगायचं होतं की नावं विचारायची तर पायला विचारा. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायच्या सेटिंगमध्ये, डीएनएसची चौकट आहेही. पण करडी. कर्सर जातो, लुकलुकतसुद्धा नाही. राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा पासवर्ड फक्त वायफायचं नाव बदलण्यापुरता, खरा ॲडमिन पासवर्ड इंटरनेट कंपनीकडे. फोन केला. चाळीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर मुलगा म्हणतो, "मॅडम, राउटर रीस्टार्ट करून बघा." अरे, इंटरनेट बंद नाहीये! डीएनएस बदलायचंय! "मॅडम, तो ऑप्शन कस्टमरला नसतो."

का नसतो? दर महिन्याला बिल मी भरते. वायर माझ्या भिंतीतून येते.

शेवटी आईच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस हाताने भरला. उघडलं! आईने लगेच बाकरवडीचं पान काढलं, "अगं, हे तर माझ्याच वहीसारखं वाटतंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट सापडत नाही. दुपारी सापडते. संध्याकाळी पुन्हा नाही. दोन तास लॉग वाचल्यावर कळलं की राउटर आयपीव्ही6 वरून, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीतून, गुपचूप आपलाच डीएनएस फोनला देत होता. फोन कधी पायला विचारायचा, कधी राउटरला, आणि राउटरला घरातलं नाव ठाऊकच नाही. ते आयपीव्ही6 बंद करायचं पान? मला दिसतच नाही. तेही कंपनीकडे.

संताप याचा येतो की माझं काही चुकलेलं नव्हतं. अपाचे बरोबर, डीएनएस बरोबर, नावं नियमाप्रमाणे. सगळं अडलंय त्या एका करड्या चौकटीपाशी. आपल्या स्वयंपाकघरातून हॉलमधल्या मशीनला हाक मारायची तर कंपनीची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही.

उद्या स्वतःचा राउटर विकत आणणार आहे. कंपनीचं ते खोकं त्याच्या मागे फक्त फायबरपुरतं राहील. हातात चांगला चालणारा राउटर असताना हजारो रुपये जाणार, तेही दोन ओळींसाठी. आणि तोवर आईने वहीच परत बाहेर काढलीय, तीच तेलकट.