दुसरा सिंथ आणावा, पण झिलकरी म्हणून

एका सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, आवाज पातळ वाटतो म्हणून माणूस दुसरा आणतो. दोन्ही जोडून पट्ट्यांवर हात टेकवला की जे बाहेर पडतं त्याला भरदार म्हणत नाहीत, गलका म्हणतात. सगळेच शाहीर, झिलकरी कोणीच नाही, असला पोवाडा.

या छळासाठी माझी लाडकी जोडी म्हणजे १९८३ चा यामाहा डीएक्स-७ आणि १९८४ चा रोलंड जूनो-१०६. पहिल्याचा आघात घंटेसारखा टणटणीत, दुसऱ्याचा पसारा सायीसारखा मऊ. कामं आधीच वाटलेली आहेत. तरी आपण दोन्हीकडे व्हायोलिनांचा ताफा लावतो आणि वर म्हणतो, मिक्समध्ये जागाच नाही!

जोडणी म्हणजे मिडीची (कुठली पट्टी दाबली ते एक वाद्य दुसऱ्याला कळवतं, ती भाषा) एक पाच पिनांची केबल: डीएक्सच्या मिडी आउटमधून जूनोच्या मिडी इनमध्ये. मूळ डीएक्स-७ फक्त एक नंबरच्या चॅनेलवर पाठवतो, त्यामुळे नमतं जूनोनं घ्यायचं. जूनोच्या पाठीवरचा मिडीचा तीन टप्प्यांचा खटका पहिल्यावर ठेवा. नाहीतर डीएक्सवर पियानो बदलून बासरी घेतली की जूनोही न सांगता कपडे बदलून उभा राहतो.

पट्ट्या डीएक्सच्याच वाजवायच्या, कारण बोटांचा जोर त्याला कळतो. जूनोला फुंकर आणि बुक्की सारखीच. परिणाम असा की हळुवार जागेवर डीएक्स विरतो आणि जूनो एकटाच छाती काढून वाजत राहतो. म्हणून जूनोचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) इतका खाली आणा, की तो चालू असताना जाणवू नये आणि बंद केला की चुकल्यासारखं वाटावं. अटॅकही, म्हणजे सूर चढायचा वेग, फार हळू ठेवू नका; आधी टण आणि मग सावकाश साय आली की लोक केबलला दोष देतात. मिडीला एक सूर पाठवायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. केबल निर्दोष आहे.

खरी फजिती सूर धरून ठेवणाऱ्या पेडलवर. एका वेळी डीएक्सकडे १६ आवाज, जूनोकडे ६. पेडल दाबून दोन कॉर्ड वाजवले की डीएक्सचं सगळं शाबूत, आणि जूनो मात्र पहिल्या पंगतीतल्यांना हात धरून उठवत नव्यांना बसवतो. त्याचा रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावरचं विरणं, आखूड ठेवा आणि डाव्या हाताला दोन सुरांवर समाधान मानायला शिकवा. डावा हात ऐकत नाही, तो भाग वेगळा.

खर्जाचा मालक एकच हवा. जूनोची हाय-पास, म्हणजे खर्ज गाळणारी, सरकपट्टी शून्यावर असली की खर्ज उलट फुगतो; ती दोनवर न्या. दोघांत किंचित बेसूरपणा मात्र हवाच, पाच सेंट पुरेत (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ४४० हर्ट्झच्या सुरावर त्यातून सेकंदाला सव्वाच्या आसपास हेलकावे मिळतात. दोन सप्तकं वर तेच पाच होतात आणि बोट लागल्यासारखं मळमळतं. म्हणून ट्यूनिंग मधल्या सप्तकात नव्हे, वरच्या सप्तकात ऐकून ठरवावं. डीएक्स मोनो आहे, तो मधोमध. जूनोच्या दोन्ही तारा डावी-उजवीकडे, कोरस (आवाज रुंद करणारा परिणाम) एकवर.

घूं असा आवाज आलाच, तर मिडीला बोल लावू नका; तिथे मध्ये ऑप्टोकपलर असतो, संदेश प्रकाशातून जातो. घूं करणारं अर्थिंगचं वर्तुळ ऑडिओच्या तारांतून बनतं. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, तरी राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (तारांमधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन कापणारे शहाणे भेटतात. त्यांच्या जवळ उभे राहू नका.

एवढं होऊनही मधूनच एखादा सूर खरखरला, तर जूनो पॉली एकवर (सहाही आवाज आळीपाळीनं वापरणाऱ्या प्रकारावर) टाकून एकच पट्टी सहा वेळा दाबा. दर फेरीत त्याच क्रमांकावर खरखर आली, तर त्या आवाजाची ८००१७ए चिप गेली. तिच्यावरचा राळेचा काळा लेप काढायला लोक तिला दोन-तीन दिवस ॲसिटोनमध्ये मटकीसारखी भिजत घालतात. मोड येत नाहीत, पण बऱ्याचदा सूर येतो.