थांबलेला पंखा

चारशे मिलिमीटरची लेन्स खांद्याला लावून मी मालवणात सासरी उतरलो. सासूबाईंनी ती खालून वर न्याहाळली आणि विचारलं, "जावयबापू, ह्यातून मुंबय दिसता काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेचा कोवळा उजेड पकडायचा म्हणून एसीच्या खोलीतून उठून थेट बंदरावर गेलो. बाहेरच्या दमट हवेत येताच लेन्सला घाम फुटला. मीही घामाघूम झालो होतो, पण माझा कोणी पुसत नव्हतं. काच स्वच्छ होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि उजेडाचा कोवळेपणा गेला.

समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतला, तीन वर्षं काम चाललं. तट काही किलोमीटर लांब, पण किनाऱ्यावरून फोटोत उमटते ती एक काळी रेघ, तिच्यावर माडांच्या झिपऱ्या. म्हटलं, निदान महाद्वार तरी टिपू. ते बुरुजांच्या वळणात असं दडवलंय, की होडी पायथ्याशी जाईपर्यंत दिसत नाही. शत्रू चकावा म्हणून केलेल्या या योजनेत मी साडेतीनशे वर्षांनी सापडलो. होडीत उभा राहून नेम धरतोय तोच मागून आवाज आला, "ओ भाऊ, वायच खाली बसा, होडी कलांडतली!" होडी कलंडली नाही. माझ्या सगळ्या फोटोंत अरबी समुद्र मात्र डाव्या अंगाने सांडतोय. त्यात लेन्सवर खारट तुषार. शर्टाच्या टोकाने पुसले, तेव्हा किल्ल्यावर धुकं पडलं. एप्रिलमध्ये.

उरलं विमान. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला आणि मेव्हणा घरबसल्या विमानतज्ज्ञ झाला. "पंख्याचा विमान, भावजी. जरा हळू येता, आरामात गावतला." त्याच्या भरवशावर परुळ्याच्या सड्यावर जाऊन बसलो. कातळ तापलेला, सावलीला एक करवंदीची जाळी, तीही काटेरी. गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "कोण येतासा? मंत्री?" विमान येतंय म्हटल्यावर, "तां रोज येता," असं म्हणून निघून गेले. गुरं मात्र थांबली.

आलं! मी कॅमेऱ्याच्या शटरला एक-दोनहजारांश सेकंदाचा वेग लावून धडाधड फोटो काढले. एकेक खिळा मोजता यावा इतके स्वच्छ. त्याच आनंदात एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

तिथेच चुकलो. पंख्याच्या विमानाला शटरचा वेग उतरवायचा असतो, सेकंदाच्या सव्वाशे-दीडशेव्या भागाच्या आसपास, म्हणजे पाती फिरताना धूसर दिसतात. माझ्या वेगाने ती जागच्या जागी गोठली. दोन्ही पंखे ठार बंद, आणि विमान आभाळात.

पहिला फोन पुण्याहून मावससासऱ्यांचा. "सगळे सुखरूप आहेत ना?" मग बोरिवली, मग बेळगाव. प्रत्येकाला शटरचा वेग समजावताना जीभ कोरडी पडली. घरी पोचलो तर सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवलेला, शेजारी गोळा झालेले, आणि गाऱ्हाणं सुरू, "बा देवा म्हाराजा, त्या इमानातल्या लेकरांवर काय संकट इला आसात तर दूर कर रे म्हाराजा..."

कॅमेरा पाठीमागे लपवून मीही हात जोडले आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळला, "व्हय म्हाराजा!"